अक्षरे आणि मात्रा : पेशीविभाजनातील डीएनएचा हिशेब

जीवशास्त्राच्या मराठी पाठ्यलेखनात दोन विधाने वारंवार एकाच पानावर भेटतात. पहिले असे की, पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातील गुणसूत्रे दुप्पट होतात. दुसरे असे की, सूत्री विभाजनात गुणसूत्रांची संख्या बदलत नाही. मातृपेशीत जितकी तितकीच कन्यापेशीत राहते. चांगला विद्यार्थी येथे थबकतो. इतर विद्यार्थी दोन्ही वाक्ये पाठ करून पुढे जातात. आधी दुप्पट झाली, मग निम्मी झाली, म्हणून संख्या कायम राहिली, असा मेळ मनाशी घातला जातो आणि वरवर पाहता तो बरोबरही वाटतो. परंतु अशा विद्यार्थ्याला विचारावे की, कांद्याच्या मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशीत डीएनएची प्रतिकृती पूर्ण झाली आहे, विभाजनाला मात्र अद्याप आरंभ झालेला नाही, अशा क्षणी तिच्यात गुणसूत्रे किती? तो ३२ म्हणेल. उत्तर १६ आहे. अर्धसूत्री विभाजनापाशी तर हा मेळ पुरता कोसळतो, कारण तेथे एकापाठोपाठ दोन विभाजने होतात आणि दोहोंत निम्मी होणारी गोष्ट एकच नसते.

ह्या घोटाळ्याचे मूळ जीवशास्त्रात नाही. ते भाषेत आहे. पेशीच्या केंद्रकात मोजण्यासारख्या दोन गोष्टी असतात. एक, गुणसूत्रांची संख्या; दुसरी, त्या गुणसूत्रांत सामावलेल्या डीएनएचे परिमाण. ह्या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी वाढतात, वेगवेगळ्या वेळी घटतात, आणि मराठीत दोहोंसाठी 'दुप्पट' व 'निम्मे' हेच दोन शब्द कर्त्याचा नीट निर्देश न करता वापरले जातात. त्यातच 'द्विगुणित' ह्या संज्ञेची भर पडते. शास्त्रीय परिभाषेत द्विगुणित पेशी म्हणजे जिच्यात गुणसूत्रांचे दोन संच, एक मातेकडून व एक पित्याकडून आलेला, नांदत आहेत ती. सामान्य मराठीत मात्र द्विगुणित म्हणजे दुप्पट झालेले. परिणामी 'द्विगुणित पेशीतील डीएनए द्विगुणित होतो' असे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि अर्थदृष्ट्या खरे असूनही वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

'गुणसूत्र' ह्या शब्दाकडेच प्रथम पाहावे लागते. १८८८ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी 'क्रोमोसोम' ही संज्ञा सुचविली. ग्रीक भाषेत क्रोमा म्हणजे रंग आणि सोमा म्हणजे देह; रंगद्रव्य चटकन शोषून घेणारा तो रंगदेह. मराठीत 'रंगसूत्र' आणि 'गुणसूत्र' असे दोन्ही शब्द वापरले गेले आहेत. पहिला मूळ ग्रीक शब्दाशी जवळीक राखतो, दुसरा कार्य सांगतो. रूढ झाला तो दुसरा, आणि हिंदीनेही तोच पत्करला. दोन्ही शब्द चांगले आहेत. अडचण इतकीच की, ज्या वस्तूला उद्देशून ते वापरले जातात ती वस्तू कधी एकपदरी असते तर कधी दुपदरी, आणि नाव मात्र दोन्ही स्थितींत एकच. (येथे पदर म्हणजे डीएनएच्या दुहेरी सर्पिलातील एक धागा नव्हे, हे सांगून ठेवणे बरे, प्रत्येक पदरात ते संपूर्ण दुहेरी सर्पिल असते.) दुपदरी गुणसूत्राचे दोन्ही पदर गुणसूत्रबिंदूपाशी एकत्र बांधलेले असतात. गुणसूत्रे मोजण्याचा संकेत असा की, बांधलेले गुणसूत्रबिंदू मोजावेत. पदर मोजू नयेत. दोन पदर जोवर एका ठिकाणी जखडलेले आहेत तोवर गुणसूत्र एकच.

ह्या पदरालाच मराठीत 'अर्धगुणसूत्र' म्हणतात. हा शब्द विशेष दिशाभूल करणारा आहे. त्यात अर्धे असे काहीच नाही. प्रत्येक पदरात त्या गुणसूत्राची समग्र माहिती असते. शिवाय जो पदर आता अर्धगुणसूत्र म्हणून ओळखला जातो तोच शेजाऱ्यापासून सुटताक्षणी, स्वतःत कणभरही बदल न होता, पूर्ण गुणसूत्र गणला जातो. शब्द बदलणे आता शक्य नसले तरी विद्यार्थ्याला हे सांगणे शक्य आहे.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजावून देण्याचे एक साधन त्याच्याच भाषेत फार पूर्वीपासून सिद्ध आहे, ते म्हणजे छंदःशास्त्र. पद्याची ओळ दोन प्रकारे मोजता येते, अक्षरांनी आणि मात्रांनी. लघू अक्षराची मात्रा एक, गुरू अक्षराच्या दोन. गणांची नावे लक्षात ठेवण्यासाठी मुलांना शिकविल्या जाणाऱ्या शब्दांपैकी 'नमन' आणि 'मानावा' हे दोन घ्यावेत. दोहोंत अक्षरे तीनच. पण 'नमन'च्या मात्रा ३ आणि 'मानावा'च्या ६. भुजंगप्रयाताच्या चरणात अक्षरे १२ आणि मात्रा २०. 'ह्या ओळीची लांबी किती?' असा प्रश्न कोणी विचारला तर जाणकार माणूस प्रथम 'कशाने मोजायची?' असा उलट प्रश्न करील. पेशीच्या बाबतीतही तोच प्रश्न आधी करावा लागतो. एकपदरी गुणसूत्र म्हणजे लघू अक्षर, दुपदरी गुणसूत्र म्हणजे गुरू अक्षर. अक्षरांची गणती म्हणजे गुणसूत्रसंख्या, मात्रांची गणती म्हणजे डीएनएचे परिमाण. हिंदीत 'मात्रा' हा शब्द परिमाणाच्या अर्थाने सर्रास चालतो. मराठी माणसाला तो औषधाची किंवा छंदातील मात्रा आठवून देतो. प्रस्तुत संदर्भात हे दोन्ही अर्थ सोयीचेच आहेत. उपमेला एक मर्यादा अर्थातच आहे. भाषेतील गुरू अक्षर म्हणजे एकाच लघू अक्षराच्या दोन प्रती नव्हेत. दुपदरी गुणसूत्र मात्र तंतोतंत तसे असते.

पेशीशास्त्राने ही दोन मोजमापे दोन अक्षरांनी वेगळी ठेवली आहेत. गुणसूत्रांच्या एका संचातील संख्येला 'एन' म्हणतात आणि अशा एका एकपदरी संचातील डीएनएच्या परिमाणाला 'सी'. पहिली वही फार आधी उघडली गेली. वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या पेशींतील विभाजनाचे टप्पे रेखाटून १८८२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. सूत्र ह्या अर्थाच्या 'मिटोस' ह्या ग्रीक शब्दावरून त्यांनी ह्या प्रक्रियेला दिलेले नावच मराठीत 'सूत्री विभाजन' होऊन बसले आहे. गुणसूत्रे डोळ्यांना दिसतात, म्हणून मोजता येतात. डीएनएची गोष्ट वेगळी होती. मीशर यांनी १८६९ मध्ये पुवातील पेशींपासून ते द्रव्य वेगळे केले होते खरे, पण एकेका केंद्रकात ते किती आहे हे ठरविण्याचे साधन मिळायला पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. १९२४ मध्ये फॉयल्गेन यांची रंगक्रिया उपलब्ध झाली. हिचा विशेष असा की, तिने डीएनए किरमिजी रंगतो आणि रंगाची गडदता डीएनएच्या परिमाणाच्या प्रमाणात असते. केंद्रकातून आरपार जाणारा प्रकाश किती शोषला गेला हे मोजले की त्यातील डीएनएचा अंदाज बांधता येतो.

१९४८ मध्ये फ्रान्समध्ये ब्वाव्हँ आणि व्हाँद्रेली दांपत्य यांनी गोवंशातील जनावरांच्या निरनिराळ्या अवयवांतील पेशी घेऊन रासायनिक पद्धतीने हिशेब केला. यकृत असो की थायमस ग्रंथी असो, एका केंद्रकामागे डीएनए जवळपास तितकाच भरला. शुक्रपेशीत मात्र तो सुमारे निम्मा निघाला. आनुवंशिक द्रव्य प्रथिन की डीएनए, हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. त्या वादात ह्या आकड्यांना मोठे वजन आले, कारण पिढ्यान्पिढ्या जपल्या जाणाऱ्या द्रव्याकडून जी स्थिरता अपेक्षित होती ती डीएनएत दिसली. १९५० मध्ये ह्यूसन स्विफ्ट यांनी एकेक केंद्रक प्रकाशमापनाने तपासले. वनस्पतींच्या व प्राण्यांच्या केंद्रकांची मूल्ये एकास दोन, दोनास चार अशा गटांत पडतात आणि वाढत्या ऊतींत ह्या गटांच्या मधली मूल्येही आढळतात, हे त्यांनी दाखविले. 'सी' हे अक्षर त्यांचेच; त्याचा अर्थ स्थिर राहणारे, इतकाच आहे. मधली मूल्ये दाखविणारी केंद्रके म्हणजे प्रतिकृतीचे काम अर्ध्यावर असताना सापडलेली केंद्रके होत.

हे काम नेमके केव्हा चालते हा प्रश्न मात्र राहिला होता. विभाजनाच्या धामधुमीतच डीएनए दुप्पट होत असावा, ही कल्पना स्वाभाविक होती. विभाजन नसतानाच्या काळाला 'विश्रांतीची अवस्था' म्हणण्याची रीतही ह्या समजुतीला पोषक ठरली. आणि ह्या शब्दाने जितके नुकसान केले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या संज्ञेने केले असेल. लंडन येथे अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकल्याच्या कोवळ्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि पेशींवर छायाचित्रणाचा लेप चढवून कोणत्या केंद्रकांनी तो फॉस्फरस आपल्या डीएनएत घेतला ते पाहिले. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, डीएनएची निर्मिती विभाजन चालू असताना होतच नाही. ती तथाकथित विश्रांतीच्या काळात, तीही त्यातील एका मर्यादित भागात होते. ह्या भागाला संश्लेषणाच्या इंग्रजी शब्दावरून 'एस' हे नाव पडले. त्याच्या आधीच्या व नंतरच्या काळाला 'जी-१' आणि 'जी-२' म्हटले गेले. 'जी' हे रिकाम्या अंतराच्या शब्दाचे आद्याक्षर आहे. तो काळ रिकामा नाही हे पुढे स्पष्ट झाले, नाव राहिले. बाकल्याच्या मुळातील पेशीचे चक्र सुमारे ३० तासांचे. त्यातील 'एस' सुमारे ६ तासांचा.

आता मुख्य हिशेब. त्यासाठी कांदा घ्यावा, कारण प्रयोगशाळेत प्रत्येक विद्यार्थ्याने त्याचे मूळ काचपट्टीवर चिरडून पाहिलेले असते. कांद्याच्या शरीरपेशीत गुणसूत्रे १६, म्हणजे ८ च्या दोन संचांची. जी-१ अवस्थेतील केंद्रकात डीएनए सुमारे ३३.५ पिकोग्राम; पिकोग्राम म्हणजे ग्रामचा एक लाख कोटीवा भाग. (माणसाच्या शरीरपेशीत तो साधारण ६.५ पिकोग्रामच असतो. कांद्यापाशी माणसाच्या पाचपट डीएनए असावा, हे मनुष्यप्राण्याला फारसे रुचत नाही.) छंदाच्या भाषेत, जी-१ मधील पेशी म्हणजे १६ लघू अक्षरांची ओळ : अक्षरे १६, मात्रा १६. संख्या २ एन, परिमाण २ सी.

'एस' अवस्थेत प्रत्येक लघूचा गुरू होतो. अक्षरे १६ च राहतात, मात्रा ३२ होतात. डीएनए ३३.५ वरून हळूहळू चढत ६७ पिकोग्रामपर्यंत पोहोचतो. म्हणजे जी-२ मधील पेशी २ एन पण ४ सी. पाठ्यलेखनातील 'गुणसूत्रे दुप्पट होतात' हे वाक्य ह्या टप्प्याला उद्देशून असते. तेथे 'गुणसूत्रे दुपदरी होतात' असा एक शब्द बदलून लिहिले असते तरी निम्मा घोटाळा टळला असता. पूर्वावस्था आणि मध्यावस्था ह्यांत हिशेबाच्या दृष्टीने काहीच घडत नाही. गुणसूत्रे आखडतात, जाड होतात, पेशीच्या मध्यभागी येतात. दोन्ही वह्यांतील आकडे जसेच्या तसे. पश्चावस्थेच्या आरंभी दोन पदरांना जखडणारे बंध एकाएकी तुटतात. प्रत्येक गुरूचे दोन लघू होतात. आता त्याच एका पेशीत अक्षरे ३२ आणि मात्रा ३२. संख्या ४ एन, परिमाण ४ सी. सबंध चक्रात गुणसूत्रसंख्या खरोखर दुप्पट होते ती ह्याच क्षणी, आणि त्या क्षणी डीएनएत कणाचीही भर पडत नाही. तुर्कतंतू दोन्ही संच दोन टोकांना ओढून नेतात, मध्ये भित्तिका उभी राहते आणि दोन पेशी होतात. प्रत्येकीत १६ लघू, ३३.५ पिकोग्राम.

परिमाणाचा आलेख काढला तर तो 'एस' काळात तिरका चढतो, मग सपाट राहतो आणि विभाजनाच्या शेवटी सरळ कड्यासारखा खाली येतो. संख्येचा आलेख पश्चावस्थेपर्यंत सपाट, मग एक उडी, मग तितकीच घसरण. एकाच कागदावर दोन्ही आलेख काढून घेणे हा अध्यापनाचा उत्तम मार्ग होय. बहुतेक ठिकाणी एकच काढला जातो.

अर्धसूत्री विभाजनाच्या मराठी नावातच 'अर्ध' आहे, पण अर्धे काय, हे नाव सांगत नाही. फार्मर आणि मूर यांनी १९०५ मध्ये योजिलेल्या मूळ संज्ञेचा ग्रीक अर्थ 'उणे करणे' असा. पाश्चात्त्य अलंकारशास्त्रात तोच शब्द अल्पोक्तीसाठी वापरला जातो. मराठीत 'न्यूनीकरण' असाही पर्याय आहे आणि अर्थाच्या दृष्टीने तो अधिक नेमका वाटतो. असे विभाजन आवश्यकच असले पाहिजे, हे व्हाइसमन यांनी १८८७ मध्ये तर्काने मांडले होते. नर व मादी यांच्या पेशींचा संयोग पिढ्यान्पिढ्या होत राहिला आणि कोठेच काही उणे झाले नाही, तर गुणसूत्रांचा साठा दर पिढीस दुणावत जाईल.

येथे कांद्याचे मूळ उपयोगी नाही; त्याच्या डेंगळ्यावरील गोंड्यातल्या कोवळ्या कळ्या घ्याव्या लागतात. त्यांच्या परागकोशातील मातृपेशी आरंभी १६ लघू अक्षरांचीच असते. तिच्यातही 'एस' अवस्था येते आणि १६ गुरू तयार होतात, ६७ पिकोग्राम. येथपर्यंत सूत्री विभाजनाहून भिन्न असे परिमाणात काहीही नाही. नंतर मात्र मातेकडून आलेले आणि पित्याकडून आलेले सजातीय गुणसूत्र एकमेकांना शोधतात, जोडीने लागतात, आपले तुकडे परस्परांशी बदलतात. आठ जोड्या होतात. पहिल्या विभाजनात फुटतात त्या ह्या जोड्या; गुणसूत्रबिंदूपाशी असलेले पदरांचे बंध शाबूत राहतात. एका टोकाला ८ गुरू, दुसऱ्या टोकाला ८ गुरू. प्रत्येक कन्यापेशीत अक्षरे ८, मात्रा १६. संख्या एन, परिमाण २ सी, म्हणजे ३३.५ पिकोग्राम.

विद्यार्थ्याची सर्वांत मोठी अडचण ह्याच ठिकाणी होते. ह्या पेशीतील डीएनएचे परिमाण आरंभीच्या जी-१ पेशीइतकेच आहे, तरी ती एकगुणित आहे. वजनाने दोन्ही सारख्या, पण एकीत १६ निरनिराळी एकपदरी गुणसूत्रे आहेत आणि दुसरीत ८ च, दुपदरी. 'मानावा' आणि 'नमन नमन' ह्यांच्या मात्रा सारख्याच, म्हणून त्यांची अक्षरे कोणी सारखी म्हणत नाही. दुसऱ्या विभाजनापूर्वी 'एस' अवस्था येत नाही, आणि सगळा हिशेब ह्या न येण्यावर उभा आहे. दुसऱ्या विभाजनात गुरूंचे लघू होतात. प्रत्येक पेशीत ८ लघू, १६.७५ पिकोग्राम, एन आणि १ सी. ही पेशी आता परागकण होणार. मातृपेशी व अंतिम पेशी यांची तुलना केली तर संख्या एकदाच निम्मी झाली, पहिल्या विभाजनात. परिमाण मात्र ४ सी पासून दोनदा निम्मे झाले. पहिल्या विभाजनाला न्यूनीकरणाचे आणि दुसऱ्याला समतेचे विभाजन म्हणण्याची रीत केवळ पहिली वही पाहून पडलेली आहे. दुसरी वही पाहणाऱ्याला दोन्ही विभाजने न्यूनीकरणाचीच आहेत.

पहिल्या विभाजनात गुणसूत्रबिंदूपाशी पदरांचा बंध टिकवून ठेवणारे एक प्रथिन २००४ मध्ये जपानी संशोधक वातानाबे यांच्या गटाने यीस्टमध्ये वर्णिले. त्याला त्यांनी 'शुगोशिन' असे नाव दिले. जपानी भाषेत ह्याचा अर्थ रक्षकदेवता. लॅटिन-ग्रीकच्या बाहेरून, देशी भाषेतून आलेला शब्द जगभरच्या प्रयोगशाळांत असा सहज रुळल्याचे हे उदाहरण परिभाषा घडविणाऱ्यांनी पाहण्याजोगे आहे.

संख्या व परिमाण ह्यांचा एकमेकींशी असलेला संबंध किती सैल आहे हे सह्याद्रीच्या रानात राहणाऱ्या भेकराइतके दुसरे कोणी दाखवून देत नाही. १९७० मध्ये वुर्स्टर आणि बेनिर्श्के यांनी दाखविल्याप्रमाणे भारतीय भेकराच्या मादीत गुणसूत्रे ६ आणि नरात ७; सस्तन प्राण्यांत याहून कमी संख्या ज्ञात नाही. त्याचाच जवळचा नातलग असलेल्या चिनी भेकरात ती ४६ आहेत. दोघांच्या डीएनएच्या परिमाणात मात्र फारसा फरक नाही; उत्क्रांतीच्या ओघात अनेक लहान गुणसूत्रे टोकाला टोक जुळून थोडी पण लांबलचक झाली. आणि संख्या डोळ्यांना दिसते म्हणून ती मोजणे सोपे असते असेही नाही. माणसाची गुणसूत्रे ४८ असे १९२३ मधील पेंटर यांच्या कामानंतर तीन दशके मानले जात होते. ती ४६ आहेत हे स्वीडनमधील लुंड येथे त्जियो आणि लेव्हान यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले. त्यांच्या यशात कोल्चिसीन ह्या द्रव्याचा वाटा होता. कोल्चिसीन तुर्कतंतू जुळू देत नाही, त्यामुळे पेशी मध्यावस्थेत, म्हणजे ४ सी वर अडकून पडते व गुणसूत्रे नीट पसरलेली दिसतात. आपल्याकडील कळलावीच्या कंदात व बियांत हेच द्रव्य असते. सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन ह्याच जागी आघात करते, आणि म्हणून रक्ताच्या कर्करोगावर ते दिले जाते.

एका चक्रात प्रतिकृती एकदाच का होते, हा प्रश्न वरच्या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी आहे. पोटु राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी १९७० मध्ये मानवी पेशी एकमेकींत मिसळवून त्याचे उत्तर शोधले. 'एस' मधील पेशीत जी-१ मधील पेशी मिसळली तर जी-१ चे केंद्रकही लवकर प्रतिकृतीला लागते. जी-२ मधील पेशी मिसळली तर तिचे केंद्रक ढिम्म राहते. शेजारी प्रतिकृतीची सर्व सामग्री असूनही ते दुसऱ्यांदा डीएनए करीत नाही. प्रतिकृतीचा परवाना केंद्रकाला चक्रागणिक एकदाच मिळतो आणि विभाजन पार पडल्यावाचून त्याचे नूतनीकरण होत नाही, असा याचा अर्थ पुढे उलगडत गेला. अपवाद आहेत, आणि ते नियमाइतकेच बोलके आहेत. फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीत पदर सुटे न होताच प्रतिकृती पुनःपुन्हा होत राहते. सुमारे दहा फेऱ्यांनंतर एकेका गुणसूत्रात हजाराहून अधिक पदर शेजारी शेजारी पडून राहतात, संख्या मात्र तीच. माणसाच्या अस्थिमज्जेत रक्तबिंबिका निर्माण करणाऱ्या पेशी केंद्रक न विभागता डीएनए वाढवीत १६ किंवा ३२ सी पर्यंत जातात. येथे पदर सुटे होतात, म्हणून संख्याही वाढते.

दोन्ही वह्या ठेवण्याचा आग्रह व्यवहारातही निरर्थक नाही. १९५९ मध्ये लज्यून, गोतिए आणि त्युर्पँ यांनी डाउन लक्षणसमूहाच्या मुलांत २१ वे गुणसूत्र एक जास्त असल्याचे प्रसिद्ध केले. संख्येच्या वहीत ४६ ऐवजी ४७ म्हणजे लगेच नजरेत भरणारी नोंद. पण २१ वे गुणसूत्र मानवी गुणसूत्रांत सर्वांत लहान. त्याच्या एका जादा प्रतीने केंद्रकातील एकूण डीएनए एक टक्क्यानेही वाढत नाही. परिमाण मोजणाऱ्या उपकरणाला ही वाढ सहज निसटून जाईल. उलट अनेक अर्बुदांत पेशींचा लोंढा 'एस' आणि जी-२ मध्ये किती आहे, परिमाण सामान्य २ सी पासून किती ढळले आहे, हे हजारो केंद्रके प्रकाशझोतातून नेऊन काही मिनिटांत कळते. तेथे गुणसूत्रे मोजत बसणे जिकिरीचे.

डाउन लक्षणसमूहाची बहुसंख्य उदाहरणे मातेकडील अर्धसूत्री विभाजनात जोडी वेळेवर व नीट न फुटल्याने उद्भवतात. मानवी अंडपेशीचा काळाचा हिशेब ह्याच्या मुळाशी आहे. स्त्रीच्या अंडपेशी ती स्वतः गर्भात असतानाच प्रतिकृती पूर्ण करून, जोड्या जुळवून, पहिल्या विभाजनाच्या पूर्वावस्थेत थांबतात. ४६ गुरू अक्षरे, ४ सी. पौगंडावस्थेनंतर दर महिन्याला बहुधा एक ह्या क्रमाने त्या पुढे सरकतात. म्हणजे एखादी अंडपेशी पंधरा वर्षे ह्या स्थितीत असते, तर एखादी पंचेचाळीस वर्षे. दोन पदरांना बांधणारे प्रथिनांचे बंध गर्भावस्थेतील 'एस' काळात घातलेले असतात. ते पुढे नव्याने घातले जात नाहीत आणि वयानुसार विरत जातात, असा पुरावा विशेषतः उंदरांवरील प्रयोगांतून मिळाला आहे. पहिले विभाजन पूर्ण होते ते अंडपेशी बाहेर पडण्याच्या सुमारास; दुसरे तर शुक्रपेशी आत शिरल्यावाचून पूर्ण होतच नाही. त्यामुळे माणसात २ सी चे अंडे फलनाला सामोरे जाते, १ सी चे नव्हे. फलनानंतर मातेचे व पित्याचे केंद्रक २३ लघू अक्षरांचे, १ सी चे, काही तास शेजारी शेजारी पण वेगवेगळे राहतात. प्रत्येक जण आपापली प्रतिकृती स्वतंत्रपणे करतो आणि २३ गुरूंचा, २ सी चा होतो. दोघांची आवरणे विरतात ती थेट पहिल्या सूत्री विभाजनासाठी. दोन्ही संच एकाच आवरणात सामावलेले, २ एन संख्येचे पहिले केंद्रक म्हणूनच एका पेशीच्या गर्भात कधीच दिसत नाही. ते दोन पेशी झाल्यावर दिसते.